अंतोनमामांच्या बदल्या

अंतोनमामा कधी घरात येत नसत. दिवेलागणीला जिन्यात चपला वाजायच्या, दारावर एकच थाप पडायची, आणि दार उघडलं की ते उंबऱ्याबाहेर हात पुढे करून उभे. हातात जुन्या कॅलेंडरच्या पानाचा कापलेला तुकडा. त्याच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईत वाटाण्याएवढी टपोरी अक्षरं.

"उद्याच्या बदल्या आल्यात," ते सांगायचे. "वाच."

मी तिथंच दारात वाचायला लागले की ते हात वर करून थांबवायचे.

"तिथं न्हाई. तिकडं, ट्यूबखाली उभी ऱ्हा. तोंड उजेडात धर. प्रार्थना अंधारात वाचू नाही."

मग मी ट्यूबखाली उभी राहून वाचायची आणि ते पापणी न हलवता माझ्याकडे बघत राहायचे. डोळ्यांत नाही, जरा खाली. एखादा शब्द मी पुटपुटला तर लगेच, "काय म्हन्लीस? पुन्हा." पूर्ण वाचून झालं की मान हलवायची आणि वळून जिना उतरायला लागायचं. 'या', 'बसा', 'चहा घ्या' असं मागून कितीही म्हणा, त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. सुरुवातीला मला तो शिष्टपणा वाटायचा. पुढे पुढे त्या न वळणाऱ्या पाठीची थोडी भीतीच वाटायला लागली.

खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंचा मात्र भलताच समज झाला होता. मी लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. काकूंनी एकदा मला जिन्यात गाठलं. "बाई, राग मानू नका, पण तुमची रोजच्या रोज बदली कशी काय होती? आन् माणूस घरी येऊन ऑर्डर देतो?"

बदल्या म्हणजे मिस्सातल्या, आमच्या कॅथलिक चर्चमधल्या रोजच्या उपासनेतल्या, बदलत्या प्रार्थना. आमच्या मिस्सात काही प्रार्थना बारा महिने त्याच असतात, त्या झोपेतही म्हणता येतात. काही मात्र दिवसागणिक बदलतात: सुरुवातीचं वचन, त्या दिवसाची प्रार्थना, स्तोत्राला द्यायचं उत्तर, कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर घेतल्यानंतरची प्रार्थना. बहुतेक लोक या बदलत्या प्रार्थनांच्या वेळी पंख्याकडे बघतात. फादर म्हणतात, आपण "आमेन" म्हणतो. नेमकं कशाला आमेन म्हटलं हे कुणी विचारलं तर पंचाईत.

अंतोनमामांना हे मंजूर नव्हतं. ते एसटीत कंट्रोलर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून स्टँडवरचंच. त्यांच्या हिशेबी प्रार्थना दोन प्रकारच्या, कायम आणि बदली, जसे ड्रायव्हर असतात तशा. "कायम प्रार्थना आपल्या ओळखीच्या आसत्यात," ते म्हणायचे. "बदलीवर आलेल्या प्रार्थनेला कुणी वळखत न्हाई. ती बिचारी एक दिवस येती आन् जाती. तिला कुणी 'या बसा' म्हनावं का न्हाई?"

त्यांचा आवाज मात्र मी लहानपणापासून ऐकत आले होते. भोकरहून आम्ही लातूरला मावशीकडे यायचो तेव्हा स्टँडवर लाउडस्पीकरमधून जो आवाज यायचा तो त्यांचाच होता, हे मला लग्नानंतर, लातूरच्या चर्चमध्ये त्यांना पाहिल्यावर कळलं. तोच माणूस आता वेदीच्या डाव्या बाजूला, हार्मोनियमजवळ, लोकांकडे तोंड करून उभा राहायचा आणि उत्तरं म्हणवून घ्यायचा. आवाज अजून तसाच भरदार, फक्त त्याचे चढउतार गेले होते. आनंदाचं स्तोत्र असो की दुःखाचं, एकाच पट्टीत, विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसं.

त्यांचा दुसरा हट्ट शांततेचा. फादर म्हणतात, "आपण प्रार्थना करू या," आणि मग क्षणभर थांबून त्या दिवसाची प्रार्थना म्हणतात. हे थांबणं कशासाठी, ते आम्हाला मामांनीच सांगितलं. त्या वेळात प्रत्येकानं आपापलं मागणं मनात मांडायचं असतं, आणि फादर सगळ्यांची मागणी एकत्र करून वर पाठवतात. आमचे जुने फादर वयस्क, भराभर उरकणारे. ते श्वास घेण्यापुरतेच थांबत. मामा त्यांच्या मागे लागले. "फादर, शिरूर अनंतपाळला गाडी थांबती तेवढं तरी थांबा. लोकं चढायच्या आधीच तुमी बेल मारून राहिले." शेवटी फादरांनी हार पत्करली. मामा घड्याळात बघायचे आणि त्यांनी मान हलवली की फादर पुढे सुरू करायचे. पूर्ण एक मिनिट. चाळीस-पन्नास माणसं एका खोलीत एक मिनिट गप्प उभी राहिली की किती मोठा वेळ होतो, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि त्या मिनिटात जे व्हायला लागलं त्यानं आमचं अख्खं चर्च हादरलं.

पहिला नंबर मार्थाबाईंचा लागला. मिस्सा संपल्यावर मामा त्यांच्यापाशी गेले आणि सगळ्यांसमोर, त्या स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "मार्थाबाई, सुनेचा मिक्सर जळावा म्हनून मागू नाही. मिक्सरनं काय गुन्हा केला?"

मार्थाबाई पांढऱ्याफटक पडल्या. सून शेजारीच उभी होती. मार्थाबाईंनी नंतर बायबलवर हात ठेवून आम्हाला सांगितलं, की हे मागणं त्यांनी मनातल्या मनात केलं होतं, आवाज असा काढलाच नव्हता.

त्यानंतर फिलीप. त्याला मामा म्हणाले, "दुचाकी मागतोस ते ठीक हाय, पन देवाला रंग कामून सांगतो?" फिलीपच्या हातातली मेणबत्ती खाली पडली. त्यानं काळ्या रंगाची मागितली होती.

लोक भ्यायला लागले. कुणी म्हणे देवानं त्यांच्या कानात फोन बसवलाय. कुणी म्हणे, इतकी वर्षं लाखो लोकांचे प्रश्न ऐकून ऐकून त्यांना न बोललेलंही ऐकू यायला लागलंय. मामा कुणाला खुलासा देत नव्हते. मिनिटभराच्या शांततेत ते हार्मोनियमला हात टेकून उभे असायचे आणि त्यांची नजर बाकांवरून संथ फिरत जायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती आपल्यावर येऊन थांबली की मानेवरचे केस उभे राहायचे. बायका पदर तोंडावर घ्यायला लागल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं; पण त्यांचं गुपित मामांनी कधी फोडलं नाही.

माझी पाळी उन्हाळ्याच्या तोंडाशी आली.

माझे वडील, याकोबबाबा, भोकरच्या एका दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होते. आई गेल्यावर एकटेच राहायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, त्यामुळे लिहिणं गेलं. आवाज गेला. मी आणि माझा नवरा विल्सन त्यांना लातूरला घेऊन आलो. त्या उन्हाळ्यात त्यांना आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर सात महिने होत आले होते. ओठ हलायचे, दिवसभर हलायचे, पण त्यातून फुंकरीएवढाही आवाज निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, काही रुग्ण असं पुटपुटतात, त्याला अर्थ असेलच असं नाही. सकाळी त्यांचं सगळं आवरायचं, क्लासला जायचं, दुपारी पळत यायचं, पुन्हा आवरायचं. रात्री विल्सन उठायचा. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त चादरी आणि गोळ्यांबद्दल बोलायचो.

त्या रविवारी फादर म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," आणि त्या मिनिटात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य मनात म्हटलं. बाबाला ने आता. मला झेपत नाही.

मिस्सा संपल्यावर मी घाईनं स्कूटी काढत होते. समोर सावली पडली. मामा होते. या वेळी त्यांनी आवाज खाली आणला होता, म्हणजे त्यांना जमेल तेवढा.

"सुवार्ते, मागनं मागं घेऊ नको. पन क्रम बदल. 'झेपत न्हाई' हे आधी म्हन. 'ने' हे मागून. क्रम चुकला की अर्थ बदलतोय."

मी किल्ली फिरवली आणि मागं न बघता निघाले. पहिल्याच चौकात गाडी बाजूला घेऊन थांबवली. हे मी विल्सनला सांगितलं नव्हतं. डायरीत लिहिलं नव्हतं. हे माझ्या कवटीच्या आतलं होतं आणि तो माणूस तिथपर्यंत जाऊन आला होता.

त्यानंतर तीन रविवार मी चर्चला गेले नाही. संध्याकाळी दारावर थाप पडली की ट्यूब बंद करून आतल्या खोलीत बसून राहायची. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून चिठ्ठी आत सरकायची. मग चपला जिना उतरायच्या. मी चिठ्ठ्या न वाचता पिठाच्या डब्याखाली सरकवत होते. बाबा कॉटवरून माझ्याकडे बघायचे आणि ओठ हलवायचे.

दरम्यान जुने फादर बदलून गेले, नवे आले. एका बुधवारी क्लासला सुटी होती. मार्थाबाईंच्या मालकांचं पहिलं पुण्यस्मरण होतं आणि त्यांनी मला आवर्जून बोलावलं होतं, म्हणून मी सकाळच्या मिस्साला गेले. मागच्या बाकावर, खांबाआड बसले.

नव्या फादरांनी मार्थाबाईंच्या विनंतीवरून त्या दिवसाच्या नेहमीच्या प्रार्थना बाजूला ठेवून मृतांसाठीच्या प्रार्थना घेतल्या होत्या. तसं करता येतं. सुरुवातीलाच त्यांनी तसं सांगितलंही. मामा हार्मोनियमजवळ उभे होते, हातात आदल्या दिवशीची चिठ्ठी. सिस्टर स्तोत्र वाचायला उभ्या राहिल्या. अंधाऱ्या दरीतून जाणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र होतं, आणि त्यांनी पहिलं कडवं अगदी हळू, जड आवाजात संपवलं.

मामांनी दोन्ही हात वर केले आणि गर्जले, "टाळ्या वाजवा, देवापुढे आनंदाने गा!"

कुणी हाललं नाही. सिस्टर गोंधळल्या, पण दुसरं कडवं वाचलं. मृत्युच्छाया, अरिष्ट, असे शब्द त्यात होते.

"टाळ्या वाजवा, देवापुढे आनंदाने गा!" या खेपेला आणखी मोठ्यानं. लोक साथ देत नाहीत म्हणून त्यांनी हात हलवून इशाराही केला.

पहिल्या बाकावर मार्थाबाई रुमाल तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी रुमाल खाली घेतला. कुणीतरी मागून "मामा!" असं ओरडलं. फादर "थांबा, थांबा" म्हणाले. मामांनी तिसऱ्यांदा हात उचलले आणि तेव्हा त्यांची नजर मार्थाबाईंच्या चेहऱ्यावर गेली.

हात वरच राहिले. ते एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर बघत गेले, स्टँडवर नव्यानं आलेला माणूस बोर्डावर आपल्या गावाचं नाव शोधतो तसे. सगळ्यांनी तोंडं मिटली होती. कुणाचे ओठ हलत नव्हते. मग त्यांनी हात खाली घेतले, चिठ्ठी खिशात घातली आणि खाली बघत उभे राहिले.

फादरांनी मिस्सा पुढे नेला. लोक कुजबुजले, म्हातारा चळला. नंतर सगळे मार्थाबाईंभोवती जमले. मामा एकटेच बाजूच्या दारानं निघाले. मी त्यांच्यामागून गेले, का ते माहीत नाही. "मामा," मी हाक मारली. पाच पावलांवर होते. "मामा!" त्याहून जवळ गेले. "अंतोनमामा!" अगदी पाठीशी जाऊन ओरडले तेव्हा फाटकावरचं कबुतर उडालं. मामांची पाठ तशीच चालत राहिली.

मी तिथंच उभी राहिले. ट्यूबलाइट. तोंड उजेडात धर. मागून कितीही हाका मारल्या तरी न वळणारी पाठ. पदराआडच्या बायकांचं गुपित सुरक्षित राहणं. सगळं एकामागून एक माझ्यासमोर आलं.

दुपारी मी त्यांची खोली शोधत गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत गेले. दार उघडं होतं. ते दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, शब्द काढला नाही.

"आत ये सुवार्ते," ते न वळता म्हणाले.

अंगावर काटा आला. मग समोरच्या भिंतीवर मोठा आरसा दिसला. त्यात दार होतं, गल्ली होती, आणि मी.

मी पुढे जाऊन खिडकीच्या उजेडात उभी राहिले आणि विचारलं, "कधीपासून?"

"रिटायर झालो त्या साली ताप आला," ते म्हणाले. "ताप गेला, कान घेऊन गेला. मशीन लावून बघितलं, त्याच्यात नुसती शिट्टी वाजते. ऐकू काईच येत न्हाई. खिडकीच्या काचेमागं बसून हजारो लोकांचे ओठ वाचले होते, इंजनाच्या आवाजात कुठं काय ऐकू येतंय? त्याच्यावर भागवलं. मिस्सा कायमचा पाठ होता. बदली प्रार्थना तुझ्या ओठांवर बघून पाठ करायचो. आज गाडीच बदलली आन् मला इत्तला न्हाई."

"मग लोकांच्या मनातलं..."

"मनातलं कुनाचं? लोक मनात मागतात म्हनतात, पन ओठ हलतात. समद्यांचे. मार्थाबाईचे तर जोरात हलतात."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी म्हटलं, "सांगून का टाकत नाही सगळ्यांना?"

ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हातारा बहिरा हाय म्हन्लं की लोक काय करतात, बघितलंस का? हातानं खुना करतात. जेव, पाणी पी, झोप. तोंडानं बोलायचं सोडून देतात. तोंड हलायचं थांबलं की माझ्यासाठी समदं लातूर मुकं झालं. आता कमीत कमी बोलून तरी राहिले." मग म्हणाले, "त्या एका मिनिटाचं म्हनशील, तर त्या मिनिटात कुनालाच काय ऐकू येत न्हाई. फादरलाबी न्हाई. तेवढंच मी सगळ्यांसंगट आसतो."

कोपऱ्यात त्यांच्या बायकोचा फोटो होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मी जे बोलायला आले होते ते राहिलं, वेगळंच निघालं तोंडातून. "मामा, माझ्या घरी चला. आत या. बाबांसमोर बसा."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आले. पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. बाबांच्या कॉटसमोर खुर्ची ओढली, खिडकीचा पडदा बाजूला करायला लावला आणि बघत बसले. बाबांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे अक्षरं वाकडी पडत होती. तासभर दोघं एकमेकांकडे बघत होते. एकाच्या ओठांना आवाज नाही, दुसऱ्याच्या कानांना आवाज नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, या खोलीत आता परकी मीच आहे.

"जमत न्हाई," मामा म्हणाले. "पन तो बोलून राहिला हाय. बडबड न्हाई ती. तेच तेच वाक्य परत परत हाय. उद्या येतो."

तिसऱ्या दिवशी ते एकदम ताठ बसले. आणि मग त्यांच्या तोंडून, त्यांच्याच भरदार सपाट आवाजात, माझे वडील बोलले.

"माझे पाय गार पडलेत. पंखा काढा."

सात महिने. आणि उन्हाळा लागल्यापासून तर आम्ही कूलर थेट पायांकडे लावला होता. मी धावत जाऊन बाबांचे पाय धरले. बर्फ होते. विल्सननं कूलर बंद केला, मी माझी शाल त्यांच्या पायांवर घातली. बाबांनी डोळे मिटले आणि डाव्या डोळ्यातून पाणी खाली आलं.

थोड्या वेळानं ओठ पुन्हा हलले. मामा म्हणाले, "म्हनतोय, सकाळची पांढरी गोळी तुमी संध्याकाळी देऊन राहिले. कंपाउंडरच्या पोरीला शोभत न्हाई."

मी डबी काढून डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिली. खरंच अदलाबदल झाली होती. मी केमिस्ट्री शिकवते.

त्यानंतर मामा रोज चारला यायला लागले. बाबांना सात महिन्यांचं बोलायचं होतं. पेज अळणी आहे. खालच्या काकूंचा टीव्ही मोठा आहे. भोकरच्या घराच्या पत्र्याखाली चिमणीचं घरटं आहे, ते काढू नका. मामा एकेक वाक्य मोठ्यानं म्हणायचे, मग उत्तर द्यायचे, मग वाट बघायचे, मग हसायचे. मी स्वयंपाकघरात असले की मला फक्त त्यांचाच आवाज ऐकू यायचा, आणि मधल्या जागा रिकाम्या. त्या रिकाम्या जागा मला आधी भेडसावायच्या. मग त्यात बाबा असतात हे अंगवळणी पडलं. शिंदेकाकूंच्या मात्र पडलं नाही. "दुपारी तुमच्याकडं एक माणूस एकटाच बोलत आसतोय," त्या म्हणाल्या, "आन् मधीमधी कुनाचंतरी ऐकतोय." दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्याला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मामांनी तिला मान झुकवून नमस्कार केला आणि वर आले.

एकदा बाबा बराच वेळ बोलले आणि मामा गप्प राहिले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"हे माझ्यासाठी हाय. सांगायचं न्हाई."

"माझे वडील आहेत ते, मामा."

"म्हनूनच."

मी चिडले. भांडी आपटली. अर्थात त्याचा मामांवर काहीच परिणाम झाला नाही. पण मनात ती जुनी भीती पुन्हा उठली. या माणसाला माझं ते मागणं ठाऊक होतं. त्यानं ते बाबांना सांगितलं असेल तर?

पावसाळा सरताना एका पहाटे बाबा गेले. पाय गरम होते, मी हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीच्या मिस्साला मामा हार्मोनियमजवळ उभे होते. त्या दिवशी कोणत्या प्रार्थना घेणार ते मी आदल्या संध्याकाळी फादरांना विचारून, कागदावर लिहून, मामांच्या खोलीवर नेऊन दिलं होतं, आणि खिडकीत उभी राहून सगळं वाचून दाखवलं होतं. फादरांना किंवा आणखी कुणाला मी काही सांगितलं नव्हतं. मामांचं एकही उत्तर चुकलं नाही. "आपण प्रार्थना करू या," फादर म्हणाले आणि थांबले. मामांनी त्या वेळी बाकांकडे बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या मिनिटात कुणी काय मागितलं ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी चार वाजता, जिन्यात चपला वाजल्या.

मी दार उघडलं. मामा काही न बोलता आत आले आणि त्याच खुर्चीत बसले. समोर कॉट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. ते तिच्याकडे बघत राहिले. मी चहा ठेवला. ते बघतच होते. चहावर साय धरली. मग त्यांचे ओठ हलले, आणि पहिल्यांदाच मला त्यातून काही ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी कधी बिनआवाजाचं बोलताना पाहिलं नव्हतं. आवाज निघत नाहीये हे त्यांना कळत तरी होतं की नाही, कोण जाणे.

बाबांशिवाय गेल्या कित्येक वर्षांत कुणी त्यांच्याशी रोज तासभर बोललं नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे समजत होतो, की मामा बाबांचं ऐकायला येतात.

मी कॉटच्या कडेवर, बाबांचं डोकं असायचं तिथं बसले. पडदा बाजूला केला. माझ्या तोंडावर ऊन आलं. मामांची नजर हळूच वर आली आणि माझ्या ओठांवर थांबली.

मी आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले. मी बाबांसाठी मरण मागितलं होतं.

"त्यानंबी," मामा म्हणाले. खोलीभर आवाज झाला. "सोताचं मरन, तुझ्यासाठीच मागायचा. पोरगी वाळून चाललीय म्हनायचा. मला म्हनला, तिला सांगू नको, ती मनाला लावून घेती." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आता त्यो न्हाई म्हनून सांगितलं. अजून बोल."

मी बोलत राहिले. सात महिन्यांचं माझंही होतं. आवाजाशिवाय बोलताना खोटं बोलता येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मामा मध्येच "बरं" म्हणायचे, मध्येच "आसं का?", एकदा "विल्सनलाबी हे सांगायला पायजे" म्हणाले.

जिन्यात बुटांचा आवाज आला. विल्सन ऑफिसातून लवकर आला होता. दारातच थबकला असावा, कारण पावलं थांबली. त्याला घरात एकाच माणसाचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधल्या रिकाम्या जागा.

"सुवार्ता?" त्यानं बाहेरूनच, दबक्या आवाजात विचारलं. "आत कोण आहे? कुणाशी बोलतायत मामा?"

मला त्याला उत्तर द्यायचं होतं. पण त्यासाठी दाराकडे वळावं लागलं असतं, आणि मामांना माझं तोंड दिसलं नसतं. मी मान वळवली नाही.